वीस मिनिटांपुरतं बंद

११ जानेवारी

ताई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं हिला ऐकू जातं, आणि बोलायचं हिच्याबद्दलच आहे. म्हणून कामावर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत डबा खाता खाता लिहितोय. कागदाला ग्रीसचे डाग पडले तर चालवून घे.

टिंगी आता दीड महिन्याची झाली. वजन वाढतंय. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही. पण प्रश्न टिंगीचा नाही, हिचा आहे. ही बाळाला घेत नाही. म्हणजे हातात दिलं तर धरते, पाजतेसुद्धा, पण शेजाऱ्याने सांभाळायला दिलेलं पुडकं धरावं तसं. टिंगी रडायला लागली की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. परवा मी म्हटलं, "अगं, रडतेय ती." तर म्हणाली, "हो, रडतेय." बस्स. जसं काही मी बाहेर ऊन पडलंय की नाही ते विचारलं होतं.

तुला माहीत आहे ही कशी होती. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासताना गिऱ्हाईक कितीही कटकट्या असो, "हे स्पष्ट की मघाचं?" असं दहा वेळा हसून विचारणारी बाई. आता तिला काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत माझा चहा गार होतो. सासूबाई म्हणतात, "आम्हालाही मुलं झाली, आम्ही नाही असली नाटकं केली." मी मध्ये बोललो तर दोघीही माझ्यावर.

तू इतकी वर्षं उंदरांच्या डोक्यात डोकावतेस. आई कशामुळे आई होते, नर कशामुळे नर होतो, हेच शोधता ना तुम्ही तिथे? मग सांग, हिच्या डोक्यात काय बिघडलंय? लिफ्ट अडकली तर मी आवाजावरून सांगतो की दाराचा संपर्क गेलाय की ब्रेक. तुमच्याकडेही तसं काही असणारच. सरळ सांग. मला झेपेल.

तुझा
खटपट्या


१९ जानेवारी

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी कामाचं सांगते. तिला डॉक्टरकडे ने, टिंगीच्या नव्हे, मनाच्या डॉक्टरकडे. बाळंतपणानंतर असं होतं, तुला वाटतं त्यापेक्षा जास्त जणींना होतं, आणि औषधाने, झोपेने, वेळेने ते बरं होतं. सासूबाईंना सांग की याला नाटक म्हणत नाहीत.

आता तू विचारलंस म्हणून आमच्याकडचं. उंदराच्या मेंदूच्या तळाशी, मोहरीचा दाणाही मोठा वाटावा एवढ्याशा जागेत, पेशींचा एक पुंजका असतो. मादीपुढे पिल्लू ठेवलं की त्या पेशी जाग्या होतात. मादी पिल्लू तोंडात अलगद धरून घरट्यात आणते, चाटते, त्याला पोटाखाली घेऊन बसते. त्या पेशी बंद केल्या की हीच मादी, याच पिलांची आई, वाटेत पडलेल्या पिल्लावरून ओलांडून जाते. तिला पिल्लू दिसत नाही असं नाही. दिसतं, वास येतो, आवाज कानावर पडतो. फक्त त्यासाठी काही करावंसं वाटत नाही. आणखी एक पुंजका आहे, त्याचं काम उलटं. तो चेतवला तर पिलांची काळजी घेणारी मादीही त्यांच्याशी वाईट वागते. क्वचित चावतेसुद्धा.

हे एवढ्यासाठी सांगितलं की यात तिचा काहीही दोष नाही. आईपण चांगुलपणावर अवलंबून असतं असं आपण मानतो आणि मग एखादी आजारी पडली की तिला वाईट ठरवून मोकळे होतो. निदान तू तसं करू नकोस. अर्थात माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे तुला वेगळं सांगायला नको.

यायचं फार मनात आहे. पण इथे प्रयोग अर्ध्यावर आहे, माद्या व्यायच्या बेतात आहेत, त्यांना सोडून महिनाभर तरी हलता येणार नाही. टिंगीच्या नाकाला माझी सहानुभूती कळव.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

उशीर झाला, पण का झाला ते वाच म्हणजे रागावणार नाहीस. हिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गेल्या आठवड्यापासून ही तिच्या आईकडे आहे, मी आणि टिंगी इथे. असंच बरं, असं सगळ्यांचं ठरलं.

तुझ्या पत्राचा फार उपयोग झाला. सासूबाईंना समोर बसवून वाचून दाखवलं. "दोष नाही"पर्यंत आलो तेव्हा त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोरीच्या डोक्यातलं ते आईचंच बंद पडलंय होय! आणि मी तिला वाट्टेल ते बोलले." त्या दिवसापासून घरात आवाज चढला नाही. ही आतल्या खोलीत होती. झोपली असावी.

मी रजा टाकली आहे. मुकादम म्हणाला, "बाळंतपणाची रजा तुला? दाखव बघू पोट." मी दाखवलं. ते तसंही बऱ्यापैकी आहे, त्यामुळे मंजूर झाली. कंपनीत आता मला आया म्हणतात. म्हणू देत. टिंगीचं रडणं मला आता ओळखू येतं. भुकेचं असतं ते मोटर सुरू होताना करते तसं, खालून वर चढणारं. पोटात दुखतं तेव्हा तुटक, रिले चिकटल्यासारखं. आणि एक नुसतं करमत नाही म्हणून असतं, त्यात दम नसतो, मध्येच थांबून बघते की मी येतोय का. मी येतोच.

एक विचारायचं होतं. हसू नकोस. ते पुंजके नरांनाही असतात का?

खटपट्या


२८ फेब्रुवारी

प्रिय आयाबाई,

असतात! आणि मी हसले नाही, खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आले.

आमच्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. ज्या नराचा अजून मादीशी संबंध आलेला नाही, त्याच्यापुढे पिल्लू ठेवलं तर तो बहुधा त्याला मारतो. अगदी रानटी. पण मीलनानंतर तो मादीबरोबर राहिला, तर साधारण तिची पिल्लं जन्माला यायच्या सुमारास तोच नर बदलतो. पिल्लं उचलून आणतो, चाटतो, त्यांना ऊब देतो. आणि मेंदूत पाहावं तर मादीत जागा होणारा पुंजकाच त्याच्यात जागा झालेला असतो. तो आधीपासून तिथे होताच, नुसता दबलेला. पूर्वी वाटायचं नराचा मेंदू एक आणि मादीचा दुसरा. आता वाटतं, दोघांच्याही घरात सगळ्या खोल्या असतात, फक्त कुठलं दार सताड उघडं आणि कुठलं लोटलेलं, हे वेगळं.

तुझं पत्र मी माझ्या सहकारी बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाला इथे आणा, आम्हाला एवढा चांगला नमुना मिळालेला नाही." मला किती अभिमान वाटला सांगू? लहानपणी घड्याळ उघडून परत न जोडणारा तू. टिंगीला तू पुरेसा आहेस. खरंच पुरेसा आहेस.

तिची तब्येत कशी आहे? कळव.

ताई


३० मार्च

ती. ताईंना,

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. लग्नात तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, "खटपट्याने काही उघडून ठेवलं आणि जोडता आलं नाही, तर मला कळव." म्हणून कळवते. पत्ता त्यांनीच दिला.

औषध चालू आहे. मला झोप लागते. जेवणाला चव आलीये. परवा दुकानात सहज गेले होते, गर्दी होती म्हणून एका आजोबांचा नंबर तपासायला बसले. "हे स्पष्ट की मघाचं?" विचारता विचारता लक्षात आलं की मलाच स्पष्ट दिसायला लागलंय. टिंगीच्या डाव्या कानामागे एक तीळ आहे. ती समोर होती तेव्हा मी तो पाहिला असेन, पण दिसला नव्हता. आता ती इथे नाही आणि तो दिसतो. हे चांगलं लक्षण आहे का, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

मी ह्यांना म्हटलं, मी घरी येते, नाहीतर तिला इथे आणा. ते म्हणाले, "थोडं थांब, ताईला विचारू." ते येतात, टिंगीला आणतात, पण तिला खाली ठेवत नाहीत. माझ्या मांडीवर देतात तेव्हाही एक हात त्यांचा असतोच. ते वाईट बोलत नाहीत. फार गोड बोलतात, आणि त्याचंच मला दडपण येतं.

तुमचं पत्र त्यांनी आईला वाचून दाखवलं तेव्हा मी आतल्या खोलीत जागीच होते. खरं सांगू? तेव्हा मला बरं वाटलं. मी दुष्ट नाही, माझं काहीतरी बंद पडलंय, एवढंच. त्या दिवसांत त्यावर मी तग धरला. पण आता विचारायचं आहे की ते पुन्हा सुरू झालं की नाही, हे तपासतात कसं? तुमच्याकडे यंत्र असणार. मी तिकडे यायला तयार आहे. डोक्याचे केस काढावे लागले तरी हरकत नाही, ते तसेही गळतायत.

आणि तो दुसरा पुंजका, चावणारा. मी तिला कधी काही केलेलं नाही. करावंसं मनातही आलेलं नाही. हेही तपासण्यात कळेल ना?

उत्तराची वाट पाहते. तुम्ही सांगाल ते हे ऐकतील.

तुमची
वहिनी


२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. रोज उत्तर लिहायला बसले आणि रोज फाडलं. एकदा वाटलं, फार शास्त्रीय झालं. एकदा वाटलं, नुसतीच माफी मागतेय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. एक शब्द जास्तीचा पडला की काय होतं ते तुझ्या पत्रातून कळलं होतं, म्हणून प्रत्येक शब्दापाशी अडले. आज मात्र जसं येईल तसं पाठवते.

असं यंत्र नाही. कुणाकडेच नाही. आणि तुझ्या मेंदूत काही बंद आहे असं मी म्हटलेलं नाही, मला ते म्हणता येणारही नाही, कारण तुझ्या मेंदूबद्दल मला काहीही माहीत नाही. मी उंदरांबद्दल लिहिलं. तेही असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्यात तू दिसावीस.

"बंद" या शब्दाचं सांगते. आम्ही मादीच्या डोक्यात केसासारखी बारीक काच बसवतो. तिच्यातून उजेड सोडला की त्या पेशी गप्प बसतात. वीस मिनिटं. प्रयोगशाळेत आम्ही याला बंद म्हणतो. मग दिवा घालवतो, आणि ती मादी जागची उठून एकेक पिल्लू उचलून आणायला लागते. वाटेतलं, कोपऱ्यातलं, सगळी. मी हे इतक्यांदा पाहिलंय की लिहायचं राहून गेलं. तिचं उठणं मी लिहिलंच नाही. ओलांडून जाणं तेवढं लिहिलं.

ज्या बाईला मूल समोर नसताना त्याच्या कानामागचा तीळ दिसतो, तिला तपासायचं काय? पण बघ, मी पुन्हा निकाल द्यायला लागले. तो माझा नाही, तुझ्या डॉक्टरांचा आणि तुझा आहे. डॉक्टर हो म्हणत असतील तर घरी जा. आज जा. खटपट्याला मी आत्ता फोन करते.

ताई


२९ एप्रिल

ताई,

त्या दिवशी फोनवर ओरडलीस ते टिंगीनेही ऐकलं. ती हसली, तिला वाटलं खेळ चाललाय. मला तिच्यासमोर उत्तर देता आलं नाही म्हणून लिहितोय.

बंद म्हणजे वीस मिनिटं, हे मी कुठून ओळखायचं? आमच्या धंद्यात बंद म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही का? लिफ्टच्या दाराला पाटी लावायची आणि एकही माणूस आत घ्यायचा नाही. आतून दुरुस्त झाली, चालवून पाहिली, आवाज छान येतोय, तरी नाही. तपासनीस येतो, बघतो, सही करतो, मग पाटी निघते. मी एकदा सहीआधी पाटी काढली होती, एका म्हाताऱ्या बाईंना जिना चढवेना म्हणून. काही झालं नाही, पण माझी नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून मी कधीच तसं केलेलं नाही. टिंगीच्या बाबतीत तर करणारच नव्हतो. मी तुझ्या सहीची वाट पाहत होतो.

ही आईकडून रोज फोनवर विचारायची, "ताईंचं आलं का काही तुम्हाला?" मग एक दिवस विचारायची थांबली. मी म्हटलं, "ताई एवढं लिहिणारी, ती गप्प बसलीये, म्हणजे समजून घे ना." हे मी बोलायला नको होतं. तू गप्प का होतीस?

आणि एक तुला लिहिलं नव्हतं, ते आता लिहितो. ही आईकडे गेली त्याच्या आदल्या दिवशी मी कामावरून आलो तर दार बाहेरून ओढलेलं. आत टिंगी रडून रडून लाल झालेली. आणि ही जिन्याच्या वरच्या वळणावर बसलेली, दोन्ही हात कानांवर. मी तिच्या पुढ्यातून धावत गेलो तरी तिने मान वर केली नाही. ओलांडून जाते, असं तू लिहिलं होतंस ना? मी ते डोळ्यांनी पाहिलं, ताई. त्यानंतर मी काय करायला हवं होतं, ते तूच सांग.

खटपट्या


६ मे

ती. ताईंना,

तुमचं पत्र आईने इकडे पाठवलं. मी आता आईकडे नाही. गेल्या महिन्याच्या मध्यावर दुसऱ्या गावातल्या चष्म्याच्या दुकानात जागा निघाली, तिथे आले. तुमचं उत्तर येत नव्हतं आणि हे म्हणाले समजून घे, तर मी समजून घेतलं. मला वाटलं, तुम्हाला नाही म्हणायचं आहे आणि तुम्ही चांगल्या आहात म्हणून म्हणवत नाही. तुमचं पत्र पंधरा दिवस आधी आलं असतं तर मी ही जागा घेतली नसती. हे दूषण देण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला खरं कळलेलं आवडतं, म्हणून लिहिते.

मागून आलेल्या चिठ्ठीत तुम्ही जिन्याबद्दल विचारलंत. त्यांनी सांगितलं असेल ते खरं आहे, मी बाहेर बसले होते. डॉक्टरांकडच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या की कधी आपल्याला झेपेनासं झालं तर बाळाला सुरक्षित जागी ठेवायचं आणि खोलीबाहेर जाऊन बसायचं. रडलं तर रडू द्यायचं. रडण्याने बाळाला काही होत नाही. त्या दिवशी दुपारपासून ती रडत होती आणि माझे हात कापायला लागले. मला राग आला नव्हता. ती माझ्या हातून पडेल असं वाटलं. मग तिला पाळण्यात ठेवलं. पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. पांघरूण तोंडावर जाऊ नये म्हणून पायाशी खोचलं. शेजारचं मांजर आत येतं म्हणून दार ओढून घेतलं. आणि बसले. कान झाकले, कारण उघडे ठेवले असते तर उठून परत गेले असते, आणि हात अजून थांबले नव्हते.

त्या सबंध दिवसांत मी तिच्यासाठी नीट केलेली ती एकच गोष्ट होती, असं मला वाटायचं. त्यांनी मला त्याबद्दल काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तेव्हा माझ्या तोंडून वाक्य यायला वेळ लागायचा.

तुमची
वहिनी


१५ मे

खटपट्या,

तिच्या परवानगीने तिचं पत्र सोबत पाठवते. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस?

आता माझं ऐक. आम्ही पिंजऱ्यातल्या मादीची चित्रफीत पाहतो आणि दोन वेळा मोजतो, घरट्यात किती होती आणि बाहेर किती. बाहेरचा वेळ "दुर्लक्ष" म्हणून धरला जातो. ती बाहेर का गेली याची नोंद आम्ही ठेवत नाही, कारण उंदराला विचारता येत नाही. तू जिन्यात तेच मोजलंस. तसं मोजायला तुला मी शिकवलं. पण तुझ्या बायकोला विचारता येत होतं रे. आणि मला तुला विचारता येत होतं, की तू तिला विचारलंस का. मी काय केलं, तर तू टिंगीला पुरेसा आहेस म्हणून उड्या मारत पत्र लिहिलं. तू चांगला बाप झालास याचा आनंद मला इतका झाला, की दुसरीकडे एक आई बाळापासून दूर पडलीये हे मला एका ओळीचं वाटलं. तीही शेवटची ओळ.

तू मी गप्प का होते ते विचारलंस. योग्य शब्द शोधत होते. असल्या काटेकोरपणाला लोक गुण म्हणतात.

टिंगीला घेऊन तिच्याकडे जा. सहीसाठी थांबू नकोस. तपासनीस मी नव्हतेच कधी.

ताई


२ जुलै

ताई,

गेलो होतो. एकदा नव्हे, आता दर आठवड्याला जातो. पहिल्या वेळचं तेवढं सांगतो.

तिची खोली दुकानाच्या वर आहे. स्वच्छ, एक खाट, एक टेबल. मी जिन्याचं बोललो. म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, "हं." मग टिंगीला घेतलं. टिंगीने जी आरडाओरड केली! मान मागे टाकून माझ्याकडे हात. मी आपसूक पुढे झालो. तर ही म्हणाली, "खाली जाऊन चहा घेऊन या."

मी गेलो, पिऊन आलो. वर रडणं चालूच. ही दारातूनच म्हणाली, "एक कप चहाला किती वेळ लागतो हो? आणखी दोन घ्या."

ताई, मी तीन कप चहा प्यायलो. शेवटच्याला टपरीवाला म्हणाला, "साहेब, बायको रागावलीये का?" म्हटलं, नाही, ती रागावली असती तर बरं झालं असतं. वर गेलो तर टिंगी तिच्या मांडीत बसून ती नंबर तपासायची गोल चौकट तोंडात घालत होती आणि ही तिला विचारत होती, "हे स्पष्ट की मघाचं?" दोघींचे डोळे लाल. मी दारात उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता. मला आधी काय वाटलं सांगू? की हे फेब्रुवारीत झालं असतं.

जाताना विचारलं, "घरी कधी येतेस?"

म्हणाली, "टिंगीला चार दिवस इथे ठेवा, तीन दिवस तुमच्याकडे. मी नाही येणार."

"का पण? आता तर सगळं कळलं मला."

"त्या घरात मी तिला उचललं की तुम्ही माझ्या हातांकडे बघाल."

"नाही बघणार."

"आत्ता बघताय."

खरंच बघत होतो, ताई. मला कळलंही नव्हतं. मी नजर वळवली, पण तेही तिला दिसलं. तिचा धंदाच तो.

सध्या तसं चाललंय. चार दिवस तिकडे, तीन इकडे. मी परत कामावर लागलो. डॉक्टर म्हणतात ती पूर्ण बरी आहे. टिंगी तिच्याकडून परत येते तेव्हा दिवसभर जिन्याकडे बघत बसते. तिचं नवीन रडणं आहे एक, ते मला ओळखू येत नाही.

खटपट्या


१९ ऑगस्ट

ती. ताईंना,

तुम्ही पाठवलेले कपडे मिळाले. थोडे मोठे आहेत, पण ती वाढतेय. उभी राहते आता, टेबलाला धरून. माझ्याकडे असताना पहिल्यांदा उभी राहिली. ह्यांना मी ते लगेच कळवलं नाही. दोन दिवस माझ्याजवळच ठेवलं. मग कळवलं.

हे परवा आले तेव्हा म्हणाले, "तू ताईचं ऐकतेस, तिने सांगितलं तर परत येशील ना?" मी म्हटलं, ताईंनी सांगून आता काही होणार नाही, आणि त्यांनी सांगूही नये. हे चांगले आहेत. टिंगीसाठी फारच चांगले आहेत. माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही उंदरांबद्दल लिहिलंत, त्यांनी ते माझ्याबद्दल वाचलं. पण मी भिंतीपलीकडे होते. खोलीत येऊन एकदा विचारायचं, एवढंच होतं. जो माणूस ते करू शकला नाही, त्याच्याशेजारी मला झोप लागणार नाही, आणि झोप मला परत गमवायची नाही.

एक मागणं आहे. टिंगी मोठी होईल, सुट्टीत तुमच्याकडे येईल, पिंजरे बघेल, तुम्हाला प्रश्न विचारेल. तिचं नाक तुमचं आहे, म्हणजे ते सगळीकडे खुपसणारच. कधीतरी विचारेल, मी लहान असताना आई कुठे होती? तेव्हा तिला पुंजक्यांचं काही सांगू नका. एवढंच सांगा, आई आजारी होती, मग बरी झाली. मला तेवढं पुरतं.

तुमची
वहिनी


२७ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

या वेळी उत्तराला वेळ लावला नाही. जसं आलं तसं लिहितेय, चुकलं तर सांग.

खटपट्याने मलाही तेच विचारलं, तुला परत यायला सांगशील का म्हणून. मी त्याला नाही म्हटलं. तो रडला. माझा भाऊ आहे तो, मला त्याचं वाईट वाटतं, आणि तुझं बरोबर आहे. या दोन गोष्टी मला एकत्र ठेवूनच जगायचं आहे. त्या जुळवायच्या कशा, ते मला येत नाही.

टिंगीला मी पुंजक्यांबद्दल काहीही सांगणार नाही. तिच्या आईच्या संदर्भात तर कधीच नाही. तू सांगितलंस तेच सांगेन: आई आजारी होती, मग बरी झाली. ही दोन वाक्यं तुझी आहेत, मी त्यांतला शब्दही हलवणार नाही. पण टिंगी माझ्याच नाकाची आहे, ती तेवढ्यावर थांबणार नाही. ती विचारेल, मग बरी झाल्यावर लगेच का नाही आली? तेव्हा माझ्या जबाबदारीवर मला आणखी एक वाक्य सांगायची परवानगी दे. ते मी आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे तेव्हा सोयीने बदलता येणार नाही:

ती यायलाच निघाली होती, टिंगी. पण आम्ही तिला काही विचारलंच नाही, आम्ही उंदरांना विचारत बसलो.

ताई